एका सभ्य चर्चेचा तपास

१

गुन्हा लख्ख उजेडात, चार कॅमेऱ्यांसमोर आणि लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत घडला. तरीही कोणी काय केलं, हे कुणालाच सांगता येईना.

झालं ते असं. आमच्या ताईचे जावई एका वृत्तवाहिनीवर रोज संध्याकाळी राजकीय चर्चा घेतात. घेतात म्हणजे लावून देतात. त्यांच्या एका हाताला सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते बसतात. त्यांना सगळे तोफखाना म्हणतात, आणि त्यांचा देह पाहिला की आवाज ऐकण्याआधीच ते पटतं. दुसऱ्या हाताला विरोधी पक्षाच्या प्रवक्त्या. त्यांना कात्री हे नाव पडलंय, कारण समोरच्याचं वाक्य त्या क्रियापदापर्यंत पोचू देत नाहीत. मधोमध जावईबापू, 'कृपया शांत राहा' असं त्या दोघांपेक्षा मोठ्याने ओरडत. कित्येक वर्षं हा संसार सुखाने चालला होता.

आणि काल संध्याकाळी कुणीच कुणाला अडवलं नाही.

विषय पाणीटंचाईचा होता, म्हणजे भांडायला अगदी सोन्यासारखा. जावईबापूंनी प्रश्न टाकला. तोफखाना खाकरला आणि म्हणाला, "आधी बाईंना बोलू द्या." कात्री म्हणाली, "नको नको, दादा वयाने मोठे आहेत. आधी ते." मग तोफखाना हळू आवाजात बोलला आणि कात्रीने मान हलवत ऐकलं. ऐकलं! शेवटी तर ती म्हणाली, "यातला एक मुद्दा मला मान्य करायला हवा."

मी उठून टीव्हीच्या मागची वायर हलवून पाहिली. शेजारच्या काकांनी दार वाजवलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडेही असंच दिसतंय का हो?"

सकाळी मी ताईकडे चहाला गेलो, तर जावईबापू आधीच येऊन बसलेले. ताई आमच्यात सगळ्यांत थोरली. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होती. घटस्फोट मागायला आलेली नवरा-बायको समोर बसवायची आणि ऐकायचं, हेच तिने जन्मभर केलं. निवृत्त झाली तरी कान निवृत्त झालेले नाहीत.

"आई, माझी नोकरी गेली," जावईबापू म्हणाले. पडद्यावर गर्जणारा हा माणूस घरात इतकं हळू बोलतो की मीठ मागितलं तरी दोनदा विचारावं लागतं. "म्हणजे अजून गेलेली नाही. आज संध्याकाळी जाईल."

"नीट सांगा."

"पहिल्या जाहिरातीच्या आत निम्मे प्रेक्षक पळाले. मालक म्हणतात, हा कट आहे. कुणीतरी आतून केलाय. तो माणूस मी शोधायचा आणि मालक त्याला हाकलणार. नाही शोधला तर उद्यापासून माझ्या खुर्चीत दुसरा बसणार. तो नाही का, हवामान सांगतानासुद्धा ज्याच्या मानेची शीर फुगते?"

"ते कळलं," ताई म्हणाली. "पण तुम्ही का नाही ओरडलात काल?"

जावईबापूंनी बशीकडे पाहिलं.

"माहीत नाही, की सांगता येत नाही?"

"सांगता येत नाही."

एवढं बोलून ते फोन घेऊन गॅलरीत गेले. ताईने जराही न लाजता कान टवकारले. बाहेरून ऐकू आलं, "झोप लागली का?… काही खाल्लंत का सकाळी?… बरं, बरं. जपा हं स्वतःला."

ते आत आल्यावर तिने विचारलं, "कोण होतं?"

"तोफखाना," असं म्हणून जावईबापू चटकन बूट घालायला वळले.

ताईने कप खाली ठेवला. "भाऊराया, चपला घाल. ज्या माणसाला हे रोज 'उत्तर द्या, पळू नका' म्हणून दरडावतात, त्याला यांनी आत्ता काही खाल्लंत का म्हणून विचारलं."

२

वाहिनीचं ऑफिस म्हणजे समोरून आरसेमहाल आणि मागून सुताराचं दुकान. कॅमेऱ्याला दिसतो तेवढा भाग झगमगीत, आणि त्याच्या पाठीमागे प्लायवूड, खिळे, चिकटपट्टीने जमिनीला डकवलेल्या वायरी. त्या वायरी ओलांडत निर्मातीबाई आल्या. त्यांच्या गळ्यात हेडफोन होता आणि कपाळावर कालची आठी.

"मी यांच्या कानात बोंबलत होते," त्या जावईबापूंकडे बोट दाखवून म्हणाल्या. "यांच्या एका कानात छोटा स्पीकर असतो, मी आतून बोलते ते फक्त यांना ऐकू येतं. मी म्हटलं, चिमटा काढा. म्हटलं, धरणाचा विषय काढा. शेवटी म्हटलं, अहो निदान टेबलावर हात तरी आपटा! यांनी काय केलं? तोफखान्याला पाणी दिलं!"

"चहात काही होतं का?" मी विचारलं. रहस्यकथेत कुणीतरी हे विचारावं लागतं.

"एकाच किटलीतला चहा तिघांनी एकत्र बसून घेतला. मीही घेतला. माझा रक्तदाब बघा!"

"आणि तो मानेची शीरवाला? फायदा त्याचाच आहे."

"काल तो इमारतीत नव्हता," निर्मातीबाई म्हणाल्या. "असता तर ऐकू आला असता."

तपासासाठी दोघा प्रवक्त्यांनाही लवकर बोलावलं होतं. तोफखाना पाहुण्यांच्या खोलीत एकटाच बसला होता. समोर बिस्किटांची बशी होती आणि तिला हात लागलेला नव्हता. पडद्यावर ज्याच्यामुळे लहान मुलं पलंगाखाली जातात, तो माणूस ताईला पाहून लगबगीने उठला आणि त्याने तिला खुर्ची पुढे केली.

"पक्षाने खुलासा मागवलाय माझ्याकडून," तो म्हणाला. "लेखी. 'आपण विरोधकांचे म्हणणे ऐकून घेतल्याचे निदर्शनास आले आहे.' आता यावर काय लिहू मी?"

"का ऐकून घेतलंत?"

"बोलावंसं वाटलं नाही."

"तुम्हाला?"

तोफखान्याने दाराकडे पाहिलं. मग उठून त्याने दार लावून घेतलं, ताईच्या जवळ येऊन बसला आणि कुजबुजला. त्याची कुजबुज आपल्या नेहमीच्या बोलण्याएवढी असते. "बाई आल्यात का? आमची कात्री हो. कशी वाटली? डोळे अजून लाल आहेत का?"

"का बरं?"

"काही नाही. सहज."

आयुष्यभर खोटं ऐकून घेण्याचा पगार घेतलेली बाई आमची ताई. तिने 'सहज' ऐकलं आणि पुढे काहीच विचारलं नाही.

कात्री जिन्याजवळ उभी राहून फोनवर कुणाला तरी फैलावर घेत होती. ताईला पाहून तिने फोन बंद केला, बोलणाऱ्याचं वाक्य अर्धवट ठेवून.

"आमच्या पक्षात कालपासून मला 'सौम्य' म्हणतायत," ती म्हणाली. "एकदा सौम्य म्हटलं की बाईला उमेदवारी विसरा. पुढच्या वेळी स्वागतगीत म्हणायला उभी करतील."

"मग काल भांडला का नाहीत?"

"काही गोष्टी चर्चेच्या नसतात."

ताई परत फिरली, तेवढ्यात कात्रीने तिचा हात धरला. तिची बोटं गार पडली होती.

"तुम्ही त्यांच्या सासूबाई ना? तुमची मुलगी कशी आहे?" तिने इकडेतिकडे पाहिलं. "खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही. पण काही लागलं, अगदी दवाखान्यात रात्री बसायला माणूस लागलं, तरी हक्काने फोन करा."

ताईचा चेहरा असा उतरलेला मी आमच्या आईच्या आजारपणानंतर पहिल्यांदा पाहिला.

३

ताईने जिन्यातच बसून लेकीला फोन लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मी कठडा धरून उभा होतो.

"काय गं आई?" शेवटी आवाज आला, आणि त्यामागे काहीतरी कुरकुरीत चावल्याचाही.

"तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? टोस्ट खातेय."

"खरं सांग. जावईबापू माझ्यापासून काही लपवतायत का?"

"ते? आई, त्यांना माझ्या वाढदिवसाची भेट दुपारपर्यंत लपवता येत नाही. दाढ दुखतेय त्यांची परवापासून. डॉक्टरकडे जायला घाबरतात आणि तोंड मिटून बसतात. दुसरं काही नाही."

फोन ठेवून ताईने पदराने कपाळ पुसलं. मग हसायला लागली. मग एकदम थांबली.

"बघ हं," ती म्हणाली. "आमचे बापू तोफखान्याला विचारतात, झोप लागली का. तोफखाना विचारतो, कात्रीचे डोळे कसे आहेत. कात्री विचारते, बापूंची बायको कशी आहे. तिघांना तिघांची काळजी, आणि गोल फिरून जागच्या जागी. प्रत्येकाला वाटतंय की दुसऱ्याच्या घरी काहीतरी वाईट घडलंय."

"आणि घडलंय कुणाच्या?"

"तेच आता विचारायचं."

तिने तिघांनाही पाहुण्यांच्या खोलीत बोलावलं, निर्मातीबाईंना बाहेर ठेवलं आणि सरळ सांगून टाकलं, "माझी मुलगी ठणठणीत आहे. जावईबापू गप्प होते ते दाढेमुळे."

"दाढ?" कात्री ओरडली. "मी रात्रभर देवाला हात जोडले, ते दाढेसाठी?"

"आता तुमचे डोळे, बाई. काल लाल होते म्हणे."

"चष्मा सोडून लेन्स लावल्या. सवय नाही."

तोफखान्याने कपाळावर हात मारला. ताई त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही बिस्किटांना हात का लावत नाही?"

"बायकोने बंद केलीत. पोटामुळे."

जावईबापू खुर्चीतून अर्धे उठले. "काल तुम्ही बशी परत केलीत, तेव्हा मला वाटलं तुम्हाला अन्न जात नाहीये! सहा वर्षांत तुम्ही बिस्किट नाकारलेलं मी पाहिलं नव्हतं हो!"

मग तोफखाना बोलू लागला, आणि या वेळी त्याचा आवाज खरोखरच खाली आला होता.

"आमचा एक नियम आहे, ताई. कुठे लिहिलेला नाही. ज्याच्या घरी काही दुखणं, मरण, पोराबाळांचं काही असेल, त्याला त्या दिवशी कुणी तोडायचं नाही. विचारायचंही नाही. विचारलं की माणूस कॅमेऱ्यापुढे रडतो. माझी आई गेली, तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पक्षाने मला इथे पाठवलं. या बाईने मला एकदाही अडवलं नाही. लोकांना वाटलं, मी त्या दिवशी फार मुद्देसूद बोललो."

"वाईट बोललात," कात्री म्हणाली. "गिळलं मी सगळं."

"मग हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी विचारलं.

"एकाला सांभाळायचं असलं तरी बाकीचे दोघं आपसात भांडतात ना," जावईबापू म्हणाले. "गोंगाट तेवढाच होतो. काल भांडायला कुणी उरलंच नाही."

"ठीक," ताई म्हणाली. "आता एकच सांगा. कुणाच्या घरी काही आहे, हे तुम्हाला कळतं कसं? सांगतं कोण?"

तिघांनीही एकदम तोंडं मिटली. दार वाजलं. निर्मातीबाईंनी डोकं आत घातलं. "मालक निघालेत. पोचतीलच."

"नका सांगू," ताई शांतपणे म्हणाली. "मीच सांगते. काल तुम्हाला एकत्र सांगितलं असतं, तर तिघांच्याही ते लक्षात आलं असतं. म्हणजे एकेकट्याला सांगितलं. चहा तुम्ही एकत्र घेतलात, म्हणजे तिथे नाही. निर्मातीबाई बोलतात ते फक्त बापूंच्या कानात, म्हणजे त्याही नाहीत. गाडीतून उतरल्यापासून तुम्हा दोघांच्या मागे कार्यकर्ते असतात, तेव्हा वाटेतही नाही. या इमारतीत अशी एकच जागा आहे, जिथे तुम्ही एकेकटे जाता, डोळे मिटता, आणि कुणीतरी तुमच्या चेहऱ्याला हात लावत असल्यामुळे तुम्हाला तोंड उघडता येत नाही."

४

मेकअपची खोली मालगाडीच्या डब्यासारखी चिंचोळी. आरशाभोवती दिवे, एक खुर्ची, आणि बेसिनपाशी स्पंज धूत उभा असलेला माणूस. त्याला वाहिनीत सगळे पावडरभाऊ म्हणतात. आम्ही सगळे आत शिरलो तेव्हा तोफखान्यामुळे बाकीच्यांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं.

"भाऊ, तुम्ही काय सांगता यांना?" ताईने विचारलं.

पावडरभाऊंनी नळ बंद केला. "'घरचं आहे, आज जरा जपून.' एवढंच. कुणाचं, काय, ते बोलायचं नाही. ते चेहऱ्यावरून यांचं यांना कळतं. माझाच नियम आहे तो. खुर्चीत बसून माणसं मन मोकळं करतात. ते मी बाहेर नेत नाही. पण दोन शब्द नेतो."

"दरवेळी दोघांना सांगता. तिसऱ्याचं घर असतं. काल तिघांनाही सांगितलंत."

"हो."

"म्हणजे घर या तिघांपैकी कुणाचंच नव्हतं."

पावडरभाऊंनी स्पंज पिळला आणि पुन्हा पिळला, कोरडा झाल्यावरही. "माझं होतं," ते म्हणाले. "हृदयाचं ऑपरेशन झालं बायकोचं. काल दवाखान्यातून घरी आली. डॉक्टर म्हणाले, मनाला ताण नको, आरडाओरडा तर अजिबात नको. आणि तिला ही चर्चा पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. राजकारणाशी तिला काही घेणं नाही हो. माझं काम बघते ती. मी घरी गेलो की म्हणते, 'आज कात्रीताईंच्या गालावर हात जड पडला तुमचा.' टीव्ही बंद कर म्हटलं, तर म्हणाली, 'मग दिवसभर तुमचं काय बघू?' म्हणून म्हटलं, एक संध्याकाळ. एकच. खोटं नाही बोललो मी. घरचंच होतं."

कात्री नव्या लेन्स लावलेले डोळे पुसायला गेली आणि तिला आठवलं की पुसायचे नाहीत.

पावडरभाऊ ॲप्रनची गाठ सोडू लागले. "मालकांना मी सांगतो. माझ्यामुळे साहेबांची खुर्ची जायला नको."

"गप बसा," तोफखाना म्हणाला आणि दारात उभा राहिला. दार दिसेनासं झालं. "वहिनी आजारी असताना नोकरी घालवताय?"

"मी माझं नाव सांगेन," जावईबापू म्हणाले.

"आणि आमच्यासमोर तो शीरवाला आणून बसवाल?" कात्रीने त्यांना तोडलं. "थुंकी उडते त्याची."

तेवढ्यात तोफखान्याच्या पाठीमागून मालकांचा आवाज आला. माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज. "काय, सापडला का?"

जावईबापूंनी आमच्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि खरं बोलण्याची जन्माची सवय त्यांच्या तोंडून बाहेर पडली. "हो," ते म्हणाले.

"शाब्बास! पण मला आत्ता नको सांगू. मला काय त्याचं! लोकांना सांग. आजचा विषयच तो ठेवू. 'सभ्यतेमागे हात कुणाचा?' संध्याकाळी सगळ्यांसमोर नाव घे, उद्या सकाळी त्याला काढतो. नाही घेतलंस, तर तुला." पावलं दूर गेली.

"'हो' म्हणायची काय गरज होती?" कात्री कडाडली.

"आई समोर होत्या," जावईबापू म्हणाले.

५

संध्याकाळी आम्ही नियंत्रणकक्षात उभे होतो. भिंतभर पडदे आणि प्रत्येकावर त्याच तिघांचे चेहरे. निर्मातीबाई बटणांपुढे बसल्या होत्या आणि मालक त्यांच्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. कोपऱ्यात मानेची शीरवाला टाय बांधून, पावडर लावून तयार बसला होता. पावडर अर्थात पावडरभाऊंनीच लावली होती. ते आता दाराशी पफ हातात घेऊन उभे होते आणि घरी पुनःपुन्हा फोन लावत होते. टीव्ही बंद कर, एवढंच सांगायचं होतं. बायको उचलत नव्हती.

स्टुडिओत जाण्यापूर्वी तोफखान्याने ताईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमचे जावई काय करतील? भाऊंचं नाव घेतील?"

"नाही," ताई म्हणाली. "स्वतःचं घेतील. पहिल्या संधीला."

तोफखान्याने कात्रीकडे पाहिलं होतं. कात्रीने पदर खोचला होता. बस, एवढंच.

लाल दिवा लागला.

"नमस्कार," जावईबापू म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "काल या चर्चेत जे घडलं, त्याला जबाबदार असलेल्या व्यक्तीचं नाव आज मी आपल्याला—"

"थांबा!" तोफखाना कडाडला. पडद्याच्या काचा थरथरल्याचा मला भास झाला. "आधी हे सांगा, नाव जाहीर करायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?"

"अधिकाराच्या गोष्टी तुम्ही करता?" कात्री उसळली. "तुमच्या पक्षाने नळाला पाणी दिलं नाही आणि अधिकाराच्या गोष्टी करता?"

"नळावर या! हिंमत असेल तर नळावर या!"

"नाव घे!" मालक निर्मातीबाईंच्या माइकमध्ये ओरडले. "आधी नाव घे, मग नळ!"

जावईबापूंनी कानावर हात धरला. "मला बोलू द्या. ती व्यक्ती दुसरी कुणी नसून मी—"

"मी, मी, मी!" कात्रीने टेबलावर थाप मारली. "बघा जनहो! या निवेदकांना स्वतःशिवाय दुसरं सुचत नाही! जनतेचं काय? आमच्या मायबहिणींचं काय?"

"आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंशी सहमत आहे," तोफखाना उभा राहून गरजला, "आणि मला सहमत व्हायला लावल्याबद्दल मी तुमचा जाहीर निषेध करतो!"

"अहो, पण दोष माझा—"

"दोष तुमचाच! तीस वर्षांचा दोष!"

"तीस कसली, त्याआधी सत्तेत कोण होतं ते सांगा!"

जावईबापू उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडे पाहून बोलायचा प्रयत्न केला, तर तोफखाना कॅमेऱ्याच्या आणि त्यांच्यामध्ये झुकला. त्यांनी हातवारे केले, तर कात्रीने त्यांच्या पुढ्यातले कागद उचलून फडफडवले आणि हे कुणाच्या इशाऱ्यावर चाललंय, असा सवाल केला. संपूर्ण वेळात त्या बिचाऱ्याला एक वाक्य धड पुरं करता आलं नाही.

"भाऊराया," ताई माझ्या कानाशी म्हणाली, "मी हजारो माणसं एकमेकांना तोडून बोलताना ऐकली. इतक्या मायेने तोडताना कुणाला ऐकलं नाही."

मालकांनी केव्हाच माइक सोडून दिला होता. समोरच्या आकड्यांकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हेच," ते पुटपुटले. "हेच मला हवं होतं."

"आणि नाव, साहेब?" शीरवाल्याने विचारलं.

"कसलं नाव? ते उद्यावर ठेवा. परवावर ठेवा. महिनाभर पुरवू! तुम्ही तोंड धुऊन घ्या आता."

चर्चा संपली. जावईबापू भेलकांडत बाहेर आले. घसा बसलेला, डोळे भरलेले. "मला बोलू दिलं नाही यांनी," ते सासूला म्हणाले. "एकदाही."

"दाढ दाखवा आधी," तोफखाना त्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, आणि ते आणखी भेलकांडले.

पावडरभाऊ मात्र भिंतीला टेकून उभे होते. ही सगळी बोंबाबोंब घरी, त्या खाटेसमोर ऐकू गेली असणार. इतक्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यांच्याच्याने तो उचलवेना. ताईने तो घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अहो, ऐकलंत का," पलीकडून बारीक पण प्रसन्न आवाज आला. "आज मी पोटभर जेवले."

"तू… तू बघितलंस?" पावडरभाऊ म्हणाले. "छातीत काही होत नाही ना?"

"आज कसलं होतंय? काल व्हायचं ते झालं. काल घास उतरला नाही माझ्या घशाखाली. सगळे इतकं गोड बोलायला लागले, म्हटलं, कुणाच्या तरी घरी काहीतरी वाईट आहे. तुमचा नियम मला ठाऊक नाही होय? मग वाट बघत बसले, आता कोण कुणाशी भांडतंय, म्हणजे उरलेल्याचं घर कळेल. तर कुणीच भांडेना! म्हटलं, मग घर आपलंच. डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलेलं दिसतंय, आणि ते सगळ्या वाहिनीला कळलंय, फक्त मला नाही. रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्हाला उठवलं नाही." तिने दम घेतला. "आज तोफखानाभाऊजी असे काही कडाडले, की वाटलं, चला, मला काही झालेलं नाही!"

पावडरभाऊंनी हातातल्या पफनेच डोळे टिपले. तोफखान्याने फोन ताईच्या हातातून घेतला आणि घसा साफ केला.

"वहिनी, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. उद्या मी याच्या दुप्पट—"

"त्यांचं काही ऐकू नका हो वहिनी," कात्रीने फोन ओढून घेतला. "उद्या यांना मी बोलूच देणार नाही."